मनाचा वैद्य निवडताना

बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. जन्मतः त्यांची नोंद स्त्री अशी होती व भरतीही त्याच नोंदीवर झाली होती. रजा नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाची अनुमती मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत परतले आणि २०२० मध्ये विवाहबद्ध झाले.

प्रत्येकाची वाट शस्त्रक्रियेचीच असते असे नाही. समलिंगी आकर्षण असणाऱ्याच्या बाबतीत तर देहाचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र लपवून जगण्याचा भार सर्वांच्याच मनावर असतो. तो हलका करणे हे मानसोपचाराचे कार्य. मुलाला ‘बदलणे’ हे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. असे ‘परिवर्तनाचे उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते.

जैन कर्मसिद्धांताला हा भेद अपरिचित नाही. देहाचा द्रव्यवेद आणि अंतरीचा भाववेद बहुधा जुळतात, क्वचित जुळत नाहीत, असे विवेचन आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसारा’त आहे.

तरीही व्यापारी घरात मुलाने मन उघड केले की प्रथम आठवते ती पेढीची पत, धाकट्या बहिणीचे स्थळ आणि समाजातील चर्चा. मग लग्न उरकण्याची घाई होते. त्यात मुलाचे दुःख मिटत नाही. एका निरपराध मुलीचे आयुष्य मात्र पणाला लागते. हीही हिंसाच होय.

त्यापेक्षा मुलाला जवळ बसवून त्याचे पूर्ण ऐकावे. वैद्याकडे नेण्यापूर्वी, ‘तुम्ही याला बदलणार की सावरणार?’ असे स्पष्ट विचारावे. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसल्यास शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक उपलब्ध आहे. संवत्सरीला सकल जीवांची क्षमा मागणाऱ्या आई-वडिलांनी, कठोर शब्द गेला असेल तर, आपल्या लेकरापाशीही तेच शब्द उच्चारावेत.