रिफाम्पिसिन टिकले कसे?

३० जानेवारी हा गांधीजींच्या पुण्यतिथीचा दिवस कुष्ठरोगविरोधी दिन म्हणूनही पाळला जातो. पनवेलकरांना तो परका नाही. समाज कुष्ठरुग्णांना वेशीबाहेर काढत होता, तेव्हा नेऱ्याच्या शांतिवनाने त्यांना घर दिले. त्या काळी हाताशी औषध एकच, डॅप्सोन. वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, तीच गोळी. जंतू तिला निर्ढावले. १९६४ मध्ये मलेशियात त्याचा पुरावा सापडला आणि पुढे देशोदेशी तेच दिसू लागले.

मग रिफाम्पिसिन आले. महाग, पण असे जालीम की एका मात्रेत शरीरातले बहुतेक सारे जिवंत कुष्ठजंतू मरावेत. तेही एकटेच वाटत सुटलो असतो, तर त्याची गत डॅप्सोनसारखीच झाली असती. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच, तेही आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायचे. जोडीला डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन. भारतात हे ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाले, त्यांत आपला वर्धा होता. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, कधी यकृत बिघडते. क्लोफाझिमीनने त्वचा काळवंडते. घाबरून गोळ्या सोडणाऱ्याला समजावायला तो कर्मचारी दर महिन्याला समोर असे. चार दशकांनंतरही रिफाम्पिसिन कुष्ठरोगावरचे मुख्य औषध आहे. याचे निम्मे श्रेय आम्ही त्या कर्मचाऱ्यांना देतो.

आजच्या नव्या अँटिबायोटिकांना असे पहारेकरी आहेत का? क्षयरोगात आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा सहा महिन्यांचा उपचार केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केला. पूर्वी वीस महिन्यांपर्यंत चालणारे हाल त्याने वाचतात. पण बेडाक्विलीनने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी हवा. लिनेझोलिडने पाय बधिर होतात, रक्त कमी होते, नजरही जाऊ शकते. या उपचारावर सरकारी कार्यक्रमाची नजर असते.

खुल्या बाजाराची मात्र धास्ती वाटते. वोक्हार्टचे नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झाले: न्यूमोनियावर दिवसाला एकदा, फक्त तीन दिवस. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंवर चालणारे हे देशी औषध अभिमानाचे आहे. मात्र तीन दिवसांचा सुटसुटीत कोर्स सर्दी-खोकल्यालाही मागितला जाईल, आणि सर्दीच्या विषाणूवर तो काडीच्याही उपयोगाचा नाही.

२०१४ पासून शेड्यूल एच-१ या यादीतल्या अँटिबायोटिकांसाठी मेडिकलवाल्याने डॉक्टर, रुग्ण आणि औषधाची नोंद ठेवायची असते. अन्न व औषध प्रशासनाने पनवेल, कामोठे, खारघरमधली ही रजिस्टरे नियमित उघडून पाहावीत. तेवढ्याने भागणार नाही. तळोजा एमआयडीसीतला कामगार चिठ्ठीविना गोळी मागतो, कारण डॉक्टरकडे जायचे तर त्याचा रोज बुडतो. महापालिकेने कळंबोली-तळोजा पट्ट्यात पाळी सुटल्यावर, रात्री नऊपर्यंत दवाखाने चालवावेत आणि थुंकी-रक्ताची तपासणी तिथेच फुकट व्हावी. यंदाच्या अंदाजपत्रकात आम्ही ही तरतूद मागतो.