भीक म्हणू नका



2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. 'संविधान वाचवा' ही हाक वस्तीवस्तीत पोचली होती. नोव्हेंबरात विधानसभेला चित्र पार उलटलं. मधल्या काळात 'लाडकी बहीण' आली : महिना 1500 रुपये, थेट बाईच्या खात्यात. आपल्यातल्या काहीजणी त्याला भीक म्हणाल्या. (आघाडीने 3000 कबूल केल्यावर मात्र गप्प!) जिच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला, तिला ही शिवीच वाटणार. मग ती आपलं कशाला ऐकेल? माझ्या मते बोलणं त्या पैशापासूनच सुरू करावं. ते तुझे हक्काचे, ठेव. पण ज्या अंगणवाडीताईने तुझा अर्ज भरला, तिला वेतन न देता मानधनावर का राबवतात?