पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक लहानशी चोरी उघडकीस आली. भाची चार दिवसांसाठी रत्नागिरीस आली होती. बाहेर पाऊस धरलेला, वीज गेलेली, आणि ही ओटीवर पाय पोटाशी घेऊन एक पुस्तक वाचीत बसलेली. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर होते. चहाला आलेल्या आमच्या स्नेह्यांनी, ते एक निवृत्त हेडमास्तर आहेत, ते सहज उघडून पाहिले. आत निघाली एक इंग्रजी कादंबरी : दोनशे वर्षांपूर्वीचे लंडन, नाचाच्या मजलशी, एक तिरसट सरदार, एक तिखट जिभेची मुलगी आणि शेवटी लग्न. मास्तरांनी पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरून परत केले नि म्हणाले, ‘‘अगो, एम. ए. झालीस ना? अजून असलं वाचतेस?’’

पोरगी ओशाळून आत गेली. मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण मास्तर वडीलधारे आणि चहा गरम होता. पण राग आला तो अद्याप उतरलेला नाही.

ही जात ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला, तेव्हा १८११ ते १८२० अशी नऊ वर्षे त्याच्या मुलाने ‘रीजंट’ म्हणून राज्याचा कारभार पाहिला. तो काळ रीजन्सीचा. आपल्याकडे याच वर्षांत, १८१७ साली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. तिकडे जेन ऑस्टेन त्याच सुमारास आपल्या कादंबऱ्या छापीत होती. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ ची. पुढे सव्वाशे वर्षांनी जॉर्जेट हेयर या लेखिकेने तो काळ पुन्हा उचलला, आणि १९३५ च्या ‘रीजन्सी बक’पासून साडेतीन दशके त्यावर एकाहून एक खुसखुशीत कादंबऱ्या लिहिल्या. आज अशा लेखिकांची रांग लागली आहे, आणि २०२० पासून ‘ब्रिजर्टन’ मालिकेने ही दुनिया पडद्यावरही आणली आहे.

आता मास्तरांचा आरोप असा की, यांत जीवन नाही. सगळे ठरलेले. पहिल्या पानावर भांडण, शेवटच्या पानावर लग्न.

मास्तर, एक विचारू? तुम्ही आंघोळीला गेलात की न्हाणीघरातून कोणत्या नाटकातली पदे ऐकू येतात? ‘सौभद्रा’तली! १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते रंगभूमीवर आणले, तेव्हापासून महाराष्ट्र ते डोक्यावर घेऊन नाचतो आहे. त्यात काय आहे? थोरल्या भावाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरविले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, धाकटा भाऊ मिस्किलपणे डाव रचतो, नायक संन्याशाच्या वेषात घरात शिरतो, आणि शेवटी लग्न. पडदा उघडण्यापूर्वीच शेवट सर्वांना पाठ! शेवट ठाऊक असणे हा दोष असेल, तर रात्र रात्र जागून सौभद्र पाहणाऱ्या आपल्या तीन पिढ्या मूर्ख ठरतील. शेवट ठाऊक असतो म्हणूनच प्रेक्षक निर्धास्तपणे मधल्या गंमतीकडे लक्ष देतो. कोण कोणाला काय बोलले, कसे टाळले, कुठे फसले, ही ती गंमत.

आणखी एक. हेच मास्तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड लहानपणी कसे अधाशासारखे वाचले, ते मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या गोष्टींत कोणते जीवन होते? पिस्तूल, बुरखा, भुयार. पण पुरुषाने रहस्यकथा वाचली तर तो त्याचा विरंगुळा, आणि बाईने प्रेमकथा वाचली तर ती तिच्या बुद्धीची इयत्ता. दुपारची भांडी आवरून तिला मिळतात दोन तास. कोकणात तर कित्येक पिढ्या नवरा मुंबईस चाकरीला आणि बायको इथे सासूसासरे, गुरे, कलमे सांभाळीत बसलेली. तिच्या त्या दोन तासांवरही आपण पहारा ठेवावा काय?

पण विरंगुळा म्हणून सोडून द्या, एवढेच माझे म्हणणे नाही. ती फारच भित्री बाजू झाली. माझे म्हणणे असे की, या कादंबऱ्यांत जीवनाचा एक असा तुकडा आहे, जो आमच्या मास्तरांना दिसत नाही आणि माझ्या भाचीला लख्ख दिसतो.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चेच घ्या. बेनेटांना पाच मुली, मुलगा नाही. म्हणून बापामागे घर आणि जमीन जाणार दूरच्या चुलतभावाकडे. हे कोकणातल्या माणसाला का समजावून सांगावे लागते? भाऊबंदकीचे दावे चालवून आमच्या कैक घरांची कौले उतरली. तोच चुलतभाऊ, एक भटजी छापाचा पाद्री, ऐटीत एलिझाबेथला मागणी घालतो. होकार दिला तर आई आणि बहिणी घरात राहतील. ती नाही म्हणते. पुढे सालिना दहा हजार पौंडांचा डार्सी येतो. (त्या काळी वराची प्राप्ती अशी उघड बोलली जाई; हल्ली आपण तिला ‘पॅकेज’ म्हणतो.) तो उपकार केल्यासारखी मागणी घालतो. ती त्यालाही नाही म्हणते, आणि का नाही ते तोंडावर सांगते! मग तो शहाणा होतो आणि दुसऱ्यांदा विचारतो, ते नमून.

हलक्याफुलक्या म्हणून हिणवलेल्या या साऱ्या कुळाचे मर्म त्या दोन नकारांत आहे. ज्या समाजात मुलीला विचारण्याचीच रीत नव्हती, तिथे तिने नाही म्हणावे आणि आकाश कोसळू नये, उलट समोरच्याने आपली चूक सुधारून यावे, हे या पुस्तकांचे स्वप्न. आपल्याकडे हुंड्याला कायद्याने बंदी झाली १९६१ साली. आजही कांदेपोहे पुढे करून खाली मान घालून बसलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणायला किती बळ लागते, हे घरोघरच्या बायकांना विचारा. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ साली या प्रश्नावर लोकांना रडविले, ते थोर काम झाले. पण रडवूनच डोळे उघडतात असे थोडेच आहे? सुभद्रेनेही भावाचा बेत मोडलाच की, आणि तो हसत हसत.

याच रत्नागिरीत १९४० साली साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते ना. सी. फडके, गुलाबी कादंबरीचे सम्राट. दुसऱ्याच वर्षी सोलापुरास अध्यक्ष झाले वि. स. खांडेकर. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर पंडितांनी रान पेटविले; वाचक मात्र दोघांचीही पुस्तके एकाच पिशवीतून नेत राहिला. आणि रत्नागिरीने विधानसभेवर निवडून पाठविलेल्या कुसुम अभ्यंकर या स्वतः लोकप्रिय कादंबऱ्या लिहीत. कादंबरी वाचून-लिहून बाईचे डोके बिघडते, या मताला एवढे उत्तर पुरे.

खोटे कशाला बोला, या पुस्तकांत खोट आहेच. त्यांतल्या सरदारांच्या वैभवात वेस्ट इंडीजच्या गुलामांचा घाम होता, आपल्या मुलखाची लूट होती. कादंबरीत त्याचा वासही येत नाही. हेयरबाईंच्या १९५० च्या ‘द ग्रँड सोफी’त एका ज्यू सावकाराचे चित्र इतके ओंगळ आहे की वाचताना शरम वाटते. आणि अलीकडच्या कित्येक कादंबऱ्या तर निव्वळ पीठ, मीठ नाहीच. त्यांना जरूर झोडा. पण पुस्तक वाचून झोडा, चिमटीत धरून नव्हे.

हेयरबाई स्वतःही आपल्या लिखाणाची थट्टा करीत. ‘फ्रायडेज चाइल्ड’ ही त्यांची कादंबरी १९४४ ची, ऐन महायुद्धातली. तिच्याविषयी त्यांनी लिहिले होते, की हवाई हल्ल्यात तळघरात बसलेल्याला किंवा तापातून उठणाऱ्याला ती बरी वाटेल. पुढे रुमानियाहून त्यांना एका बाईचे पत्र आले. ती राजकीय कैदी म्हणून बारा वर्षे तुरुंगात होती. पुस्तक जवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. तिने ‘फ्रायडेज चाइल्ड’ची गोष्ट आठवून आठवून बरोबरच्या कैदी बायकांना पुन्हा पुन्हा सांगितली, आणि त्या गोष्टीने त्यांची डोकी ठिकाणावर राहिली. मास्तर, त्या कोठडीत जाऊन त्या बायांना विचाराल का, की अजून असलं ऐकता?

भाची जाताना पुस्तक इथेच विसरली. मी ते दोन रात्रींत संपविले. सरदार तिसऱ्या प्रकरणातच आवडला, पण मुलीची आत्या त्याहून फर्मास आहे. कव्हर मी काढून टाकले आहे. भाऊबीजेला मास्तर फराळाला यायचे आहेत, आणि पुस्तक ओटीवरच्या टेबलावर चकलीच्या डब्याशेजारी ठेवले आहे.