2029 च्या दोन निवडणुका आणि आपल्या मताची किंमत

2029 साली दोन मोठ्या निवडणुका होणार आहेत. एक आपल्या लोकसभेची, दुसरी युरोपीय संसदेची. त्या संसदेसाठी 27 देशांचे मतदार मिळून एक सभागृह निवडतात. जालन्यातला कार्यकर्ता विचारील, युरोपचे आम्हाला काय? आम्ही म्हणतो, तिथे मते मोजतात कशी, एवढे तरी समजून घ्या.

आधी आपल्या घरचा हिशेब. 2019 च्या लोकसभेत जालना मतदारसंघात वंचितच्या उमेदवाराला 77 हजारांवर मते पडली. राज्यभरात वंचितला सुमारे 37 लाख, म्हणजे जवळपास 7 टक्के मते मिळाली. पण तिच्या चिन्हावर एकही खासदार निवडून आला नाही. वर 'मते खाल्ली', 'बी टीम' हे शिक्के बसले. मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर राज्यातल्या 48 पैकी 3 जागा या मतांच्या वाट्याला आल्या असत्या.

2024 ला जालन्यात वंचितची मते 38 हजारांच्या आत आली. सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे सुमारे 1 लाख 10 हजार मतांनी हरले आणि काँग्रेसचे कल्याण काळे खासदार झाले. संविधानाच्या काळजीपोटी ज्यांनी काँग्रेसला मत दिले, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण प्रश्न उरतोच. पाडण्यासाठी आपले मत चालते, मग आपला माणूस पाठवण्यासाठी का चालत नाही?

याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, 2023 ला अंतरवाली सराटीचे मराठा आंदोलन पेटले आणि 2024 ला वडीगोद्रीला ओबीसींचे उपोषण झाले. दोन्हीकडे मागणी वाट्याचीच होती. आता प्रस्थापित पक्ष याच दोन गठ्ठ्यांवर गणित मांडतात आणि बौद्ध वस्तीतली मते शेवटी बेरजेला धरतात.

'पण राखीव जागा आहेत ना?' आहेत. बदनापूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे उमेदवार आपल्यातला असतो, निवडून मात्र सगळ्यांच्या मतांनी येतो. साहजिकच तो समाजापेक्षा पक्षश्रेष्ठींना जास्त भितो. 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याची किंमत ही आहे.

आता युरोप. तिथे प्रत्येक देशाला युरोपीय संसदेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेच घ्यावी लागते. पक्षाला जितकी मते, साधारण त्या प्रमाणात जागा. लोकसभेला 'ज्याला सर्वाधिक मते तो विजयी' ही पद्धत चालवणाऱ्या ब्रिटनलाही 1999 पासून, संघातून बाहेर पडेपर्यंत, या निवडणुकीसाठी ती सोडावी लागली होती.

म्हणून तिथे सगळे छान आहे असे नाही. मूळ भारतातून गेलेला रोमा समाज युरोपात एक कोटीच्या आसपास आहे. वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, हे त्यांच्याही नशिबी आले. हंगेरीतल्या शायोकाझा गावात रोमा मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाने शाळा उभी राहिली ती उगाच नाही. तरीही 720 जणांच्या संसदेत रोमा खासदार बोटांवर मोजण्याइतकेच, कारण त्यांच्यासाठी राखीव जागा नाहीत. त्यांच्याकडे प्रमाण आहे, राखीव जागा नाही. आपल्याकडे राखीव जागा आहे, प्रमाण नाही. आपल्याला दोन्ही हवे.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच ही पद्धत नाकारली होती. खरे आहे. 4 जानेवारी 1949 ला संविधान सभेत त्यांनी तशी दुरुस्ती मान्य केली नाही. देशात पुरेशी साक्षरता नाही आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार डळमळेल, ही त्यांची कारणे होती. साक्षरतेचे कारण आज राहिलेले नाही. स्थैर्याचा प्रश्न खरा आहे. फ्रान्समध्ये 2024 ला याच पद्धतीने अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, हेही विसरू नये. पण आघाड्यांची सरकारे आणि पक्षफोड आपण आजच्या पद्धतीतही भोगतोच आहोत. आणि 1937 ला मुंबई प्रांतात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने 17 पैकी 14 जागा जिंकल्या होत्या. मत मोजण्याची रीत बदलली की निकाल बदलतो, हे आपल्या चळवळीने एकदा करून दाखवले आहे.

जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना येऊ घातली आहे. तेव्हा 'आघाडीत किती जागा देता?' एवढेच विचारत बसू नका. राखीव जागा कायम ठेवून मतांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व, ही मागणी जालना, अंबड, भोकरदन, परतूरच्या प्रत्येक बुद्धविहारात चर्चेला घ्या. ठराव करा, निवेदने द्या आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारा.

जयभीम!