जागा करून देणं

आमच्या नायगावात 'जागा' या शब्दाचं मोल सगळ्यांना ठाऊक आहे. बीडीडी चाळीतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. तिच्यात आजी-आजोबा, आई-वडील, दोन-तीन मुलं, आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला एखादा पाहुणा. तरीही घरातलं पोर दहावीला बसलं की चमत्कार व्हायचा. आजोबा गॅलरीत झोपायला जायचे, रेडिओ बंद व्हायचा, शेजारचे काका हळू आवाजात बोलू लागायचे. पोराला कोणी सांगत नसे की 'बाळा, तू फार हुशार आहेस.' त्याच्यासाठी जागा मोकळी केली जायची, आणि पोराला त्यातून काय ते कळायचं. आता पुनर्विकासात इथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. खोल्या मोठ्या होतील. ती सवय राहील का, ते बघायचं.

हे आठवण्याचं कारण असं, की 'दुसऱ्यातले देवदत्त गुण ओळखा, त्यांना उत्तेजन द्या' हे वाक्य आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या कानांवरून वारंवार जातं. प्रवचनात येतं, शिबिरात येतं, वाढदिवसाच्या शुभेच्छांतही येतं. वाक्य खरं आहे. पण उत्तेजन म्हणजे कौतुक, असा आपण सोयीचा अर्थ करून घेतला आहे. कौतुकाला काही खर्च येत नाही. माझं मत असं, की दुसऱ्यातला गुण खरोखर दिसला असेल तर आपल्याला स्वतःला थोडं सरकून बसावं लागतं. आपली वेळ, आपली भाकरी, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे आपली खुर्ची, यांतलं काहीतरी द्यावं लागतं. नाहीतर तो गुण आपल्याला दिसला, एवढंच काय ते झालं.

मराठीत याचं सगळ्यांत मोठं उदाहरण कुठलं असेल तर ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घराचं. या घराविषयी लिहिताना आपण टिळकांपासून सुरुवात करतो, पण मला त्यांच्याही आधीचा एक माणूस दिसतो. १८९३ च्या सुमारास टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, काव्यावर बोलणं झालं, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कळलं नाही. गुण ओळखणाऱ्याचं नाव मागे राहीलच असं नाही, हा या गोष्टीतला पहिला धडा.

मंडळीत आल्यावर टिळकांना इंग्रजी चालीवरच्या, इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या गीतांवर समाधान मानता आलं नाही. त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन उपासनेत आणलं. हे करायला मिशनमध्ये त्यांना वाव मिळाला, म्हणून आज आपलं 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. 'आमच्यासारखं गा' असा आग्रह धरला गेला असता तर मराठी मंडळी किती गरीब राहिली असती, याचा विचार करून पाहा.

आता टिळकांनी दुसऱ्यांसाठी काय केलं ते पाहू. १९०७ साली जळगावला पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि ते नाव कायमचं झालं. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या असतील. पण पुढे या मुलाला नगरला (आताचं अहिल्यानगर) आपल्या घरी ठेवून घेतलं ते टिळकांनी.

'घरी ठेवून घेतलं' हे म्हणायला सोपं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी आलेल्याला ते रिकामं पाठवत नसत. अशा घरात आणखी एक ताट वाढायचं ते लक्ष्मीबाईंनी. ठोंबरे मनाने हळवा, लहरी. त्याचे रुसवे-फुगवे सांभाळायचे तेही त्यांनीच. त्यांनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं. उत्तेजनाच्या गोष्टी सांगताना आपण गुण हेरणाऱ्या पुरुषाचं नाव घेतो, चुलीपाशी बसलेल्या बाईला विसरतो. प्रतिभेलाही दोन वेळचं जेवण लागतं हो!

आणि एक गोष्ट अधोरेखित करून सांगतो. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळक काही कोमट ख्रिस्ती नव्हते. प्रभूसाठी घर, जात, नातीगोती सगळं पणाला लावलेला हा माणूस. तरीही या मुलाच्या काव्याची त्यांनी किंमत लावली नाही. देवाने दिलेला गुण देवाचा आहे. तो आपल्या दप्तरी नोंदवला गेला तरच त्याला पाणी घालायचं, असा सौदा त्यांनी केला नाही. शिष्यपणाविषयी आपण बोलतो तेव्हा ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समोरच्याचं भलं व्हावं असं आपल्याला वाटतं, की तो आपला व्हावा असं वाटतं?

पुढे काय झालं? ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले. कोणी म्हणेल, एवढं करून काय मिळालं? मी म्हणतो, 'औदुंबर' मिळाली, 'फुलराणी' मिळाली. शिवाय असा हिशेब मांडायचा नसतोच.

पण त्या घरातला सर्वांत मोठा चमत्कार अजून व्हायचा होता. लक्ष्मीबाई रीतसर शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख टिळकांनी करून दिली. पतीच्या धर्मांतरानंतर चार-पाच वर्षं त्या दुरावल्या, मग परत आल्या, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' या बाईंनी पुढे नेऊन पुरं केलं. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या तयारीत होता. त्याने आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' आली, १९३४ ते १९३६ मध्ये, चार भागांत. आज मराठी गद्याच्या कुठल्याही यादीत हे पुस्तक असतं. पुष्कळ वाचकांना आता टिळक कळतात ते लक्ष्मीबाईंमुळे. ज्यांनी अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांचं नाव शिकणारीने राखलं.

पवित्र शास्त्रात असाच एक माणूस आहे, बर्णबा. शौल दमास्कसहून यरुशलेमेत आला तेव्हा सगळे शिष्य त्याला घाबरत होते. बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेलं. पुढे अंत्युखियातलं काम वाढलं तेव्हा तो तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. म्हणजे आपल्यापेक्षा वरचढ माणूस स्वतःहून शोधून आणला! 'प्रेषितांची कृत्ये' सावकाश वाचलं तर गंमत दिसते. आधी 'बर्णबा आणि शौल' असा क्रम आहे, थोड्याच पानांनंतर तो 'पौल आणि बर्णबा' असा होतो. नाव मागे गेलं म्हणून बर्णबाने तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. नंतर तरुण मार्क काम अर्धवट टाकून परतला. पौल म्हणाला, याला पुन्हा नेणार नाही. पौलाचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आणि आयुष्याच्या शेवटी पौलच लिहितो, की मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे.

आता आपल्याकडे वळू. मी शाळेत आयुष्य घालवलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर वर्गातले बाक कसे रिकामे होत गेले ते मी पाहिलं आहे. त्या काळात एक मुलगा होता. गणितात कच्चा, पण फळ्यावर सुविचार लिहायचा तो छापल्यासारखा. आम्ही शिक्षक 'अक्षर छान आहे हो' म्हणायचो. त्याचं आयुष्य मात्र लागी लावलं ते जवळच्या एका पेंटरने. रोज संध्याकाळी दुकानात बसवलं, हातात ब्रश दिला, पाट्या बिघडल्या तर पुन्हा रंगवू दिल्या. रंगाचा खर्च पेंटरचा. मोठमोठ्या भाषणांपेक्षा मला तो बिघडलेल्या पाट्यांचा खर्च मोठा वाटतो.

आणि आपल्या मंडळ्या? वीस-वीस वर्षं तीच नावं कमिटीवर. तरुणांच्या वाट्याला खुर्च्या लावणं, माईक जोडणं आणि नाताळचं नाटक. मग आपणच म्हणायचं, हल्लीची मुलं चर्चला येत नाहीत. त्यांना आपण 'उद्याचे आधारस्तंभ' म्हणतो, पण तो उद्या काही उजाडत नाही. 'अजून तयार नाहीत' हे आपलं नेहमीचं उत्तर. येशूने बारा जणांना दोघादोघांनी पाठवलं तेव्हा ते कुठे तयार होते? त्यांना धड दाखलेही कळत नव्हते. तरी पाठवलं, परत आल्यावर त्यांचं ऐकून घेतलं. आणि तुम्ही माझ्याहूनही मोठी कामं कराल, असं त्यांना सांगितलं. स्वतःच्या विद्यार्थ्याला हे मनापासून सांगणारे गुरू किती?

माझ्या वयाच्या मंडळींना माझी सूचना साधी आहे. येत्या महिन्यात आपल्याकडचं एक काम, खरंखुरं, बिघडलं तर आपल्याला त्रास होईल असं, एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला द्या. हिशेबाची वही द्या, एखाद्या रविवारचं प्रवचन द्या, घरात असाल तर सुनेला निर्णय घेऊ द्या. मग मागच्या बाकावर बसा आणि मध्ये बोलू नका. (हे शेवटचं सर्वांत कठीण. शिक्षकांना तर फारच!) काही वेळा फसेल. फसू द्या, आणि पुन्हा द्या.

असो. तुमच्यासाठी कोणी जागा केली होती, ते जरूर कळवा. ती व्यक्ती हयात असेल तर आधी तिला फोन करा, मला नंतर लिहा.