पहाऱ्याला परिचारिका हवी

गरोदरपणी रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून वर जातो, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखते. ही तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे. यात आईला झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात असतो. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट हे औषध जुने आणि स्वस्त आहे. ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला.

पण हे औषध टोचून निघून जाता येत नाही. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. म्हणून परिचारिकेने गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासायची, श्वास मोजायचे, लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली की डॉक्टरांना बोलवायचे, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. बाळंतपणानंतरही किमान २४ तास हा पहारा सुटत नाही, कारण झटका तेव्हाही येऊ शकतो.

साऱ्या वॉर्डाचा भार वाहणाऱ्या एकट्या सिस्टरने हे कसे करावे? गावपातळीवर उपकेंद्रातील एएनएमला (सहायक परिचारिका-प्रसविकेला) रुग्ण पुढे पाठवण्यापूर्वी या औषधाचा पहिला डोस देण्याची मुभा आहे. तिला सराव आणि औषधाचा साठाही मिळाला पाहिजे. सरकारने परिचारिकांची रिक्त पदे तातडीने भरावीत आणि अशा रुग्णाजवळ प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित परिचारिका राहील, असा नियम करावा. तिच्या पगारावरचा खर्च हा माता वाचवण्याचाच खर्च आहे.