लाख की 'लॅकर'?

नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत लॅकर्ड साइडबोर्ड घ्यायचा ठरला. जागेसाठी आजीचा संखेडा झोपाळा विकून टाकू, असं मीच सुचवलं. आजी एवढंच म्हणाली, "आधी एकदा संखेड्याला जाऊन ये."

बडोद्याहून साधारण 50 किलोमीटर. तिथे खरादावर सागवान गरगरत होतं. कारागिराने लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने वितळून लाख लाकडावर चढायची आणि खालची कथलाची नक्षी सोनेरी दिसायची. आमच्या साइडबोर्डवरचं 'लॅकर' म्हणजे एमडीएफवर फवारलेला पीयूचा थर!

झोपाळा राहिला. खरादी पायांचं बुटकं कपाट तिथेच करायला दिलंय. त्यावर गरम पातेलं ठेवायचं नाही, ही आजीची ताकीद. तुम्हीही घेण्याआधी विचारा: आत लाकूड कोणतं, वर लाख की फवारा?